भिंतीपलीकडचा माग

"मग, माग चालवतात का ते?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिवसभर चालवते जी. भिंतीच्या अलीकडून मीच ऐकून राहिलो ना," गणपतराव म्हणाले.

धरमपेठेतल्या त्या दवाखान्यात ते एकटेच आले होते. आजारी होता त्यांचा धाकटा भाऊ, जागेश्वर. मागावरचं लुगडं आज उतरवायचंच आहे म्हणून तो घरी राहिला होता. या कोष्ट्याला जिवापेक्षा लुगडं प्यारं, असं म्हणत गणपतराव सायकलवर बसले होते.

गणपतरावांनी आणलेली मुंबईच्या तपासणीची फिल्म डॉक्टरांनी उजेडात धरली. "हृदयाच्या दोन नळ्या अरुंद झाल्यात. पायातली शीर काढायची, ती अडलेल्या जागेच्या पुढे नेऊन जोडायची आणि रक्ताला नवी वाट करून द्यायची, याला बायपास म्हणतात. पण नुसती फिल्म पाहून कोणी छाती उघडत नाही. गोळ्यांवर माणूस रोजचं काम करत असेल, तर थांबता येतं. चार पावलांत छाती धरायला लागली, किंवा बसल्या जागी कळ आली, तर मात्र एक दिवसही दवडायचा नाही."

"म्हणजे आता नाही?"

"तुम्ही सांगता त्यावरून तरी घाई नाही. पुढच्या खेपेला त्यांना घेऊन या."

गणपतरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. जागेश्वरला त्यांनी लहानपणी खांद्यावर घेऊन वाढवलं होतं. मुंबईला डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं तेव्हा तो भर वॉर्डात पोरासारखा रडला होता. "दादा, छाती फाडली तं मी काही उठत नाही. अन् पायाची शीर काढली तं मागाच्या पावड्या कोण दाबीन? तू?" समजावून समजावून गणपतराव थकले. शेवटी त्यांनी दम भरला होता. "ठीक हाय. माग चालून राहिला तोवर मी काही बोलत नाही. ज्या दिवशी माग बंद पडला, त्या दिवशी तुले उचलून गाडीत घालीन. मंग रड का बोंबल."

त्या दिवसापासून त्यांचे कान भिंतीला लागले होते.

कोष्टीपुऱ्यात दोघा भावांची घरं एकाच भिंतीची. पलीकडे जागेश्वरचा माग, अलीकडे गणपतरावांची खाट. सदरच्या कापडदुकानात ते दुपारून जात. सकाळभर धोटा धावायचा, फणी आपटायची, आणि त्या आवाजावर त्यांचा जीव निवांत व्हायचा. रंभाबाई, जागेश्वरची बायको, सुताच्या कांड्या भरून देई आणि तो विणी. बाईनं मागाच्या खड्ड्यात पाय सोडलेला कोष्टीपुऱ्यात कोणी पाहिला नव्हता. हल्ली फणीचा मार थोडा हलका पडत होता, हेही त्यांनी हेरलं होतं. त्यांनी स्वतःही अर्धं आयुष्य मागावर काढलं होतं.

"शहाणा झाला लेकाचा," ते बायकोला म्हणाले होते. "दमानं घेऊन राहिला."

"कानानं काय पाह्यता? एकदा जाऊन डोयानं पाहा ना," वच्छलाबाई म्हणाल्या.

"मी भासरा हाओ रंभाचा. असा कसा घुसू?"

धाकट्या भावाच्या घरात भासऱ्यानं, म्हणजे थोरल्या दिरानं, डोकवायचं नाही, भावजयीनं त्याच्यासमोर यायचं नाही, दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, ही घराण्याची रीत. रंभाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून गणपतरावांनी तिचा आवाज ऐकला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता. संध्याकाळी जागेश्वर स्वतःच ओट्यावर येऊन बसायचा. थकलेला दिसायचा. दिवसभर विणणारा माणूस थकणारच.

धरमपेठेहून परतताना गणपतराव सायकल हाणतच आले. ही बातमी त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगायची होती. गल्लीत कोणीतरी ताणा पसरला होता, सुतावरून सायकल नेणं शक्य नव्हतं. ते वळसा घालून मागच्या बोळातून शिरले. बोळाच्या तोंडाशीच मागाचा आवाज कानावर आला. खटाखट, खटाखट. हलका, पण न चुकणारा. गणपतराव मनाशी हसले.

जागेश्वर संडासाजवळच्या भिंतीला टेकून बसला होता. लोटा कलंडून पाणी सांडलं होतं. घराचं मागचं दार चार पावलांवर होतं, आणि तेवढं अंतर त्याच्यानं कापवलं नव्हतं. अंगातली बंडी घामानं चिंब झाली होती. चेहरा राखेसारखा, एक मूठ छातीवर घट्ट दाबलेली.

सायकल तशीच टाकून गणपतराव धावले. त्याचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. "रिक्षा आणा रे! कोणी रिक्षा आणा!" बोळातली माणसं पळाली. "गोळी कुठं हाय? काहून एकटा आला तू?"

जागेश्वरनं नुसती मान हलवली. खिशातली गोळ्यांची बाटली रिकामी होती.

मग गणपतरावांच्या ध्यानात आलं. भाऊ त्यांच्या मांडीवर होता, आणि भिंतीपलीकडे माग चालूच होता. ते भावाच्या तोंडाकडे बघत राहिले.

जागेश्वरनं त्यांची नजर चुकवली.

"दादा," तो कसाबसा म्हणाला, "रंभाले सांग, आता थांब म्हणा."