फुकटची सही

सही झाली, शिक्का बसला, तरी परदेशी पाहुणा खुर्चीतून उठेना.

परवाने देणाऱ्या साहेबांनी फाइल दोन्ही हातांनी पुढे केली. या टेबलावरून फाइल अशी कोरडीच सरकलेली शिपायानंही कधी पाहिली नव्हती. तो दारातच घुटमळला. साहेबांनी आज मनावर दगड ठेवला होता. पाहुण्याचा कारखाना इथे उभा राहिला, तर त्यांच्या इंजिनिअर लेकीला घरून जाऊन-येऊन नोकरी करता येणार होती. नाहीतर परदेशी जायला तिची बॅग भरलेली होतीच. बायको गेल्यापासून घरात ही एकटी पोर काय ती उरली होती. तिचं सगळं शिक्षण याच टेबलावर झालं होतं म्हणा, पण तो विषय घरात कोणी काढत नसे.

पाहुणा दुभाषी बाईंच्या कानाशी लागला. बाई संकोचल्या.

"ते विचारताहेत, किती?"

"काही नाही," साहेब म्हणाले. सवय नसल्यामुळे शब्द जरा अडखळतच आले.

मग आणखी कोणाला भेटायचं, असं पाहुण्यानं विचारलं. कोणालाच नाही, असं सांगून साहेब अगदी तोंडभर हसले. तसा पाहुण्याचा चेहरा पडला. घाईघाईनं हात मिळवून तो निघाला. फाइल टेबलावरच राहिली. साहेबांना काही उमजेना.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटता सुटता दुभाषी बाईंचा फोन आला. कारखाना शेजारच्या देशात चालला होता. साहेबांचं डोकंच चालेना. एक पै घेतली नाही, तरी?

"त्याचीच तर त्यांना धास्ती वाटली," बाई म्हणाल्या. "तुमच्याबद्दल सगळं ऐकून आले होते ते. तिकडच्या साहेबांनी पहिल्याच भेटीत आकडा सांगितला. तुम्ही आत्ता गप्प आहात, म्हणजे यंत्रं बसल्यावर तोंड उघडणार. तेव्हा किती मागाल याचा काय नेम?"

साहेब घरी पोचले ते अजून कोड्यातच. बातमी त्यांच्या आधी येऊन बसली होती. लेक बॅगेची चेन ओढत होती. आपण या वेळी खरंच काही केलं नाही, हे तिला कुठून सांगायला सुरुवात करावी, तेच त्यांना सुचेना.

लेकीनं मान वर केली.

"किती मागितलेत, बाबा?"