श्यामलाताईंचा मेसेज

कात्रजच्या एका सोसायटीतल्या लिहित्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर श्यामलाताईंचा भलता दरारा. कुणाची कविता आली की कौतुक राहिलं बाजूला, आधी ताईंचा शेरा यायचा, "वेलांट्या आपण विकत आणता का? मग इतकी काटकसर कशाला?"

त्याच ताई मंगळवारी दुपारी वीज गेल्याने लिफ्टमध्ये अडकल्या. फोन कुणालाच लागेना, मेसेज तेवढे जात होते. घामाघूम झालेल्या ताईंनी ग्रुपवर घाईघाईने 'वाचवा' असा मजकूर धाडला आणि पाहतात तो काय, त्यात चक्क दोन चुका! सगळ्यांसमोर शोभा नको म्हणून त्यांनी तो लगेच डिलीट केला. दुसऱ्यात अनुस्वार राहिला, तोही डिलीट. तिसऱ्यात पूर्णविराम नव्हता. आता जीव गुदमरत होता, पण अब्रूचा प्रश्न होता. ताई चौथा लिहायला लागल्या.

इतक्यात दार करकरत उघडलं. बाहेर लिफ्टची किल्ली घेतलेला वॉचमन आणि ग्रुपमधलाच, तिसऱ्या मजल्यावरचा फैझल उभे होते.

"ताई, तुमचेच मेसेज तुम्हीच डिलीट करताय, म्हटल्यावर माझ्या काळजात धस्स झालं," फैझल धापा टाकत म्हणाला. "तुमच्या हातून चूक म्हणजे नक्की काहीतरी भयंकर झालं असणार! म्हणून शोधत आलो, आणि वीज गेलेली, तेव्हा आधी लिफ्टच गाठली. चला, या बाहेर."



ताईंनी मोबाइलमधून मान वर न काढता त्याला हातानेच थोपवलं. "थांब रे जरा. शेवटचं वाचन राहिलंय."