माधवरावांचे कान

“आँ?” माधवरावांनी कानामागे हात धरला. “मोठ्यानं बोल की रे, अप्पा. तुमचं पुण्याचं मराठी फार पळतं.”

‘अप्पा’ म्हटलेला तरुण अनय ओशाळला. चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या ज्या कंपनीच्या देणगीवर एन्नोरचं हे केंद्र चालायचं, तिथून तो आला होता. कोळ्यांची मुलं शाळा सुटली की थेट इथे यायची आणि अंधार पडेपर्यंत रमायची. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि सगळं पुन्हा खणखणीत आवाजात सांगितलं. मे महिन्यात इथल्या सगळ्या शिकवणाऱ्यांचं प्रशिक्षण घ्यायचं. आखणी केंद्रप्रमुख म्हणून भवानीबाईंनी करायची. तो स्वतः बघायला येईल, आणि ज्यांना आता झेपत नाही असं दिसेल, त्यांना विश्रांती द्यायची.

“आता कळलं,” माधवराव म्हणाले.

शेजारी बसलेल्या भवानीलाही आत्ताच कुठे नीट कळलं होतं. विश्रांती कोणाला मिळणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

माधवराव तिच्यासारखेच तंजावरच्या मराठी घरातले. बँकेतून निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, आणि तेव्हापासून संध्याकाळी केंद्र उघडायचं असतं म्हणून ते सकाळी उठत होते. मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर बसून भूगोल शिकायची. पण गेल्या पोंगलच्या सणापासून त्यांचे कान अचानक गेले. एक वाक्य धड पहिल्यांदा ऐकू यायचं नाही. त्यांच्यापायी सगळं केंद्र वरच्या पट्टीत बोलायला लागलं होतं.

“कान तपासून घेऊ या,” अनय गेल्यावर तिने पुन्हा विषय काढला.

“सरी, चालेल. तू पण ये. दोघांचे तपासू.”

“माझे कशाला?” ती हसली आणि विषय तिथेच मिटला. हा माणूस डॉक्टरला असाच टांग मारायचा.

मग भवानीने आखणीच अशी करायची ठरवली की माधवरावांचं वैगुण्य कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये. लबाडी होती खरी. पण माणूस सोन्यासारखा होता आणि तिला त्याची माया होती. कानगोष्टींचा खेळ तिने आधी उडवला. टाळ्यांचा ठेका ओळखण्याचा उडवला. खुर्च्या गोलात मांडायच्या. एका वेळी एकानेच बोलायचं. फळ्यावर पहिला नियम: बोलताना ऐकणाऱ्याकडे तोंड करा. आणि बोलणं चालू असताना पंखे बंद.

ती या विचारांत इतकी बुडाली की घरी कुकरच्या शिट्या झाल्याचंही तिच्या ध्यानात आलं नाही. आतल्या खोलीतून तिची सून संयुक्ता धावत आली तेव्हा डाळ करपली होती. “अम्मा, हाका मारून घसा बसला माझा!”

“प्रशिक्षण डोक्यात आहे गं,” भवानी म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

प्रशिक्षणाच्या दिवशी चेन्नईने आपला मे महिना दाखवला. पंखे बंद म्हटल्यावर बंड होणार, अशी भवानीने मनाची तयारी ठेवली होती. नवल म्हणजे कोणी हूं की चूं केलं नाही. सगळ्यात धाकट्या शरण्याने मुकाट्याने उठून बटणं बंद केली. माधवरावांनी आपली खुर्ची नेहमीसारखी भवानीच्या खुर्चीला चिकटवली. सगळे गोलात बसले. माणसं घामाने निथळत होती, पण एकेक जण असं तोंड समोर करून, सुटं सुटं बोलत होता की भवानीचा ऊर भरून आला. इतकं सुरेख प्रशिक्षण तिने आजवर पाहिलं नव्हतं. एक शब्द वाया गेला नाही.

दुपारी नाटुकली होती. शरण्या झाली घाबरलेलं मूल. माधवराव झाले माधवराव. ती खाली मान घालून काहीतरी पुटपुटली. भवानीला वाटलं, आता संपलं.

माधवराव गुडघ्यांवर बसले, तिच्या डोळ्यांना डोळे भिडवले. “आँ? पुन्हा सांग, कण्णा. मला ऐकायचंय. कितीही वेळा सांग.”

शरण्याने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. शेवटी ती खरीच रडली. अनयने नाक पुसलं आणि तो घाम आहे असं दाखवलं.

“बाई,” निघताना तो म्हणाला, “माधवराव कुठेही जाणार नाहीत. दुसऱ्या केंद्रांनाही हीच आखणी देऊ या.”

एवढं सांगायला तो तिच्यासमोर उभा राहिला, आणि तिला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. तिला त्याचा गालगुच्चा घ्यावासा वाटला. त्याची गाडी वळेपर्यंत ती फाटकात उभी होती. मग ही बातमी आधी कोणाला द्यायची ते ठरलेलंच होतं. ती जवळजवळ पळतच हॉलकडे परतली.

दारात ती थबकली. आत पंखे पुन्हा भरधाव फिरत होते. खुर्च्यांकडे पाठ करून माधवराव खिडक्या लावत होते. त्यांच्यापासून बऱ्याच मागे, खुर्च्या रचता रचता, शरण्याचे ओठ हलले. भवानीला काहीही ऐकू आलं नाही.

“सांग,” मान न वळवता माधवराव आपल्या भारदस्त आवाजात म्हणाले. “माझ्यात साखर नको.”

मग ते वळले. त्यांना दारात भवानी दिसली. क्षणभर ते तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांचा हात सावकाश कानामागे गेला.

“आँ? मोठ्यानं बोल गं, शरण्या!”

शरण्याने हातातली खुर्ची खाली ठेवली. “सर, चहा सांगू का?” ती एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने म्हणाली. तिचं तोंड भवानीकडे होतं.