भंडाऱ्याचं ताट

"आधी ह्याला उचलू दे, मग मी उचलते," गोजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी भंडाऱ्याचं ताट उमेदवाराकडे, म्हणजे रणजीतभाऊंकडे सरकवलं.

ताट नवनाथच्या हातात होतं.

चार दिवस तो हे ताट घेऊन भाऊंच्या मागे हिंडत होता. रीत ठरलेली होती. भाऊ हात जोडणार, कार्यकर्ते कुकरचा खोका उंबऱ्याच्या आत सरकवणार आणि नवनाथ ताट पुढे करणार. घरच्यांनी चिमूटभर भंडारा उचलायचा आणि खंडोबाच्या साक्षीनं मत भाऊंनाच देऊ म्हणायचं. मग मतदानाच्या यंत्रापाशी कोण काय करतं, ते बघायला देव होताच. एवढ्या मोठ्या देवाला भाऊंनी बिनपगारी कार्यकर्ता करून टाकलं होतं. आणि माणसंही अशी, की एकदा भंडारा उचलला की कुरकुरत का होईना, शब्द पाळायची.

नवनाथ मूळचा बीडकडचा. तळवड्याच्या एका कारखान्यात सहा वर्षं ठेकेदाराकडे राबत होता. निवडणूक झाली की तुला कंपनीत कायम करतो, असं भाऊंनी सांगितलं होतं. म्हणून तर हे ताट त्याच्या हातात आलं. "जेजुरीला जा, देवाच्या पायाला लावून भंडारा आण," भाऊंनी बजावलं होतं. नेमका त्या रविवारी ओव्हरटाइम निघाला. नवनाथनं चौकातल्या किराणा दुकानातून दोन किलो हळद आणली आणि ताटात ओतली. कुणाला कळणार होतं? पण म्हातारी माणसं ती चिमूट डोळे मिटून कपाळाला लावायची, तेव्हा त्याला मान वर करवत नव्हती.

"काकी, ही काय नवी पद्धत काढली?" भाऊ हसले. गोजाबाई नात्यानं त्यांच्या चुलती. "उमेदवार कधी भंडारा उचलतो का?"

"का? देव निस्ता मत देणाऱ्यांचाच हाय व्हय?" गोजाबाई उंबऱ्यातून खाली उतरल्या. "आमच्या मालकांनी दवाखान्यासाठी अकरा गुंठं दिलं. बायांची बाळंतपणं हितंच व्हावीत म्हणून. पाच वर्सामागं तू ह्याच दारात म्हणालास, दवाखाना बांधतो. मी भंडारा उचलला, शबूद पाळला. आता तिथं बारा मजली बिल्डिंग उभी हाय. तिच्यात तुझी भागी न्हाई, येवढंच भंडारा उचलून सांग. सांग आन् समद्या भावकीची मतं घेऊन जा."

नवनाथनं चमकून मान वर केली. पाण्याच्या टाकीमागची ती इमारत तो रोज बघत होता. तिथं दवाखाना व्हायचा होता, हे त्याला आज कळत होतं. गेल्या साली रुपालीला, त्याच्या बायकोला, कळा सुरू झाल्या तेव्हा तिला रिक्षात घालून तो निघाला होता. चाकणच्या रस्त्याला कंटेनरची रांग लागली होती. दीड तास रिक्षा जागची हलली नाही. बाळ रिक्षातच झालं आणि रिक्षातच गेलं. आणि ती इमारत त्यांच्या खोलीपासून चालत पाच मिनिटांवर होती.

गल्लीतली माणसं गोळा झाली. कुकर मिळालेल्या बायाही दारात येऊन उभ्या राहिल्या. भाऊंचा हात ताटाकडे आला आणि वीतभर अलीकडे थांबला. मग त्यांनी हात मागे घेतला आणि जॅकेटला पुसला. खरं तर हाताला काही लागलंच नव्हतं.

"काकी," ते म्हणाले, "देवाधर्माला राजकारणात ओढू नये."

अडीचशे घरांत देवाला ओढत नेलेला माणूस हे म्हणत होता! नवनाथचं डोकं सणकलं. ह्या माणसाला देवाची भीती होती तर. पण ती स्वतःपुरती. दुसऱ्यांना त्याच भीतीनं बांधून घालताना त्याला काही वाटलं नव्हतं, आणि त्या इमारतीचे मजले चढताना तर नाहीच नाही. त्याचं ताट आपण चार दिवस मिरवलं, ह्याची नवनाथला शिसारी आली. कायम नोकरी गेली खड्ड्यात.

"ऐका हो, समद्यांनी ऐका," तो ओरडला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "मी जेजुरीला गेलोच नाय. ही चौकातल्या दुकानातली हळद हाय, भाजीत घालायची. तुमची कुणाचीच शपथ लागू नाय. कुणाला मत द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

कार्यकर्ते एकमेकांकडे बघू लागले. भाऊ सावकाश नवनाथकडे वळले. आता कानाखाली बसणार म्हणून त्यानं डोळे मिटून घेतले.

पण भाऊंनी मोठा सुस्कारा सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"मग आधी नाही का सांगायचं!" असं म्हणून त्यांनी ताटातून मूठभर हळद उचलली, हात उंच केला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, त्या इमारतीत आपली भागी नसल्याची शपथ घेतली.