कापडाची गल्ली

"इथे टाचणी लावा," आजी म्हणाल्या आणि त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. बोटाखाली शेत होतं.

संग्रहालयाच्या मधल्या खोलीत टेबलभर नकाशा पसरला होता. महायुद्धात जिथे जिथे बॉम्ब पडले, तिथे तिथे लाल टाचणी. टाचण्या लावायचं काम ज्या तरुण मुलीकडे होतं, तिला सगळे नकाशावाली म्हणत. सकाळपासून तिने एक शाळा, एक पूल आणि एका न्हाव्याचं दुकान टोचलं होतं. शेत टोचायची पाळी पहिल्यांदाच आली होती.

"इथे काय होतं, आजी?"

"गल्ली. आख्खी. एका रात्रीत गेली."

"नाव काय गल्लीचं?"

"नाव कसलं? कापडाची होती."

नकाशावालीने टेपरेकॉर्डर जरा पुढे सरकवला.

शहर काळोखात ठेवायचं आणि बाहेर शेतात खोटं शहर उभारायचं, म्हणजे विमानं फसून तिथेच बॉम्ब टाकतील, असं वरच्या कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं. लाकडी चौकटी, त्यावर ताणलेलं कापड, कापडावर रंगवलेल्या विटा आणि दारं. दिवे लावायचं काम आजींकडे. पण सगळे दिवे लावले तर शत्रूला संशय येणार. युद्धात एवढा लखलखाट करून कोण बसतं? तेव्हा थोडा निष्काळजीपणा दाखवायचा होता. तोही अगदी काळजीपूर्वक.

"पहिल्या घरातली बाई वेंधळी," आजी म्हणाल्या. "तिचा पडदा रोज उघडा राहायचा. कोपऱ्यावरचा म्हातारा रात्री उठून परसात जायचा. त्याचा कंदील घेऊन मीच चालायचे. खोकायचेसुद्धा."

"विमानाला खोकला ऐकू जातो?"

"छे! पण खोकल्याशिवाय म्हातारा जमत नव्हता."

नकाशावालीला हे सगळं टाचणीच्या लायकीचं वाटत होतं. पण संग्रहालयाचा नियम होता: डोळ्यांनी पाहिलेले दोन साक्षीदार हवेत, ऐकीव चालत नाही. आणि उद्या नकाशावर काच बसणार होती.

"साक्षीदार?" आजी म्हणाल्या. "त्या विमानवाल्यानं नाही मागितला साक्षीदार. वरून पाहिलं आणि विश्वास ठेवला बिचाऱ्यानं."

"तुमच्याबरोबरचं कुणी नाही का?"

"दिवेवाले सगळे गेले. मी गेले की तिथे नुसतं शेत. उरलेत ते हे."

दाराजवळच्या खुर्चीत, छत्री मांडीवर आडवी घेऊन आजींचे यजमान बसले होते. त्या काळी ते शहरात गस्तीला असत. ज्या खिडकीतून उजेड दिसेल तिच्याखाली जाऊन ओरडायचं, ही नोकरी.

"मी काही पाहिलेलं नाही," आजोबा भिंतीला म्हणाले. "मला यात गोवू नका."

"अहो, त्या रात्री सायकलवरून आला होतात ना तिथे?"

"दुसरा कुणी असेल. गस्तीला काय मी एकटाच होतो?"

"सगळं गाव हसलं होतं ह्यांना," आजी नकाशावालीच्या कानाशी लागून म्हणाल्या, पण टेपरेकॉर्डरला नीट ऐकू जाईल अशा बेताने. "लग्नात माझ्या भावानं ह्यांना कापडाचं दार भेट दिलं. तेव्हापासून आमच्या घरात हा विषय बंद."

"त्या दाराचं इथे कशाला काढतेस?"

नकाशावालीने नाइलाजाने टाचण्यांच्या डबीला झाकण लावलं. "एकाच साक्षीदारावर नाही हो लावता येणार, आजी."

"राहू दे मग," आजी म्हणाल्या. "पहिल्या घराचा पडदा पांढरा होता, एवढं तरी टेपवर असू दे."

"पांढरा कसला!" आजोबा उसळले. "निळा होता निळा! आणि मधोमध ही एवढी फट. घसा फुटेस्तोवर ओरडलो मी त्या बाईच्या नावानं..."

आजींनी चष्मा पुसायला घेतला.

नकाशावालीने डबी उघडली आणि शेतात टाचणी रोवली. तिचं काम संपलं होतं. तरी तिने खुर्ची आजोबांकडे वळवली.

"मग काय केलंत?"

"काय करणार? दार ठोठावलं. हात आरपार गेला."

"तेव्हा कळलं असेल."

"काय कळणार कपाळ? अंधार, वर विमानं घोंघावतायत. मला वाटलं, दार कुजलंय. मग पुढच्या घराचं ठोठावलं."

"तेही?"

"तेही कुजलेलं. म्हटलं, काय लोक आहेत, एकाला दार दुरुस्त करायला नको! शेवटच्या घराला पोचून मागे वळून बघतो, तर पहिलं घर पेटलेलं."

"मी मागच्या खंदकातून जीव तोडून सांगत होते ह्यांना," आजी म्हणाल्या. "निघा, इथे कुणी नाही, कुणी नाही! बाहेर यायची आम्हाला बंदी होती. पण ह्यांना कुठलं ऐकू येतंय त्या गदारोळात!"

"आलं होतं की ऐकू," आजोबा म्हणाले.

आजींचा चष्मा पुसणारा हात थांबला. "ऐकू आलं होतं? मग गेला का नाहीत?"

आजोबांनी पहिल्यांदाच भिंतीवरची नजर काढली.

"अगं, बाईमाणूस आतून ओरडतंय, 'इथे कुणी नाही' म्हणून. ते ऐकल्यावर सोडून जाईल का कुणी?"