केशराचं दूध

ईश्वरदास वैद्याने केशराची चिमूट निखाऱ्यावर टाकली आणि नळीने फुंकायला सुरुवात केली. धुरपताबाई समोर बसून बघत होती. पदराखाली पितळी डबी धरून ती सकाळच्या गाडीने दरेकशाहून गोंदियाला आली होती.

काड्या भुरकन जळाल्या. निखाऱ्यावर करड्या धातूचा बारीक मणी उरला.

"शिसं आहे, बाई. वजन वाढवाले शिशाचा शेंदूर चोपडला. कोनाकडून घेतलं होतं?"

"बाजारातल्या फिरत्या पसाऱ्याकडून जी. अस्सल कास्मिरी म्हने."

"म्हननारच तो. कोनाले दिलं तं नाही?"

"सुनेले. पोटुशी आहे. दुधात टाकून देत होती, दररोज."

वैद्याने चिमटा खाली ठेवला. "हे जहर आहे, बाई. गर्भ टिकत नाही यानं. टिकला तरी धड निपजेल याचा भरोसा नाही."

परतीच्या गाडीत तिला रडूही येईना. एकुलता एक लेक भोजराज दिवाळीच्या तोंडावर पोटदुखीने गेला होता. गावाने करणी म्हटलं, भगताने लिंबं कापली, उपयोग शून्य. त्या आकांतात केशराची कोणाला शुद्ध? दूध थांबलं, डबी फडताळातच राहिली. परवा सुनेला, शामकलाला, सातवा लागला म्हणून धुरपताबाईने ती पुन्हा उघडली, तर काड्या पांढुरक्या पडलेल्या आणि तळाशी तांबडी पूड साचलेली. आता लेकाची खूण म्हणून सुनेच्या पोटातलं बाळच उरलं होतं, आणि त्यालाही तिनेच विष घातलं होतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

आणि केलं तरी काय होतं तिने? पहिलटकरणीला केशराचं दूध द्यायचं ते सासूनेच. ते नको म्हणणं म्हणजे सासूला नको म्हणणं. धुरपताबाई पेला सुनेच्या खोलीत ठेवायची आणि गुरांकडे जायची. पेला रिकामा परत आला की तिला धन्य वाटायचं.

घरी शामकला तांदूळ पाखडत होती. धुरपताबाई तिच्यापुढे मटकन बसली.

"पोरी, माह्या हातानं घात झाला. थ्या केशरात जहर होतं. तुह्या लेकराले मीच जहर पाजलं."

सुनेच्या हातातलं सूप थांबलं. तिने मान खाली घातली.

"आत्याबाई, रागावू नोका. मी तं एक घोट बी नाही घेतला. वासानंच ओकारी ये. तुमाले सांगाची हिंमत नाही झाली."

"खरंच म्हनतेस?"

"या लेकराची आन."

धुरपताबाईने तिच्या पोटावर हात ठेवला. आत बाळ ढुसण्या देत होतं, चांगलं जोरात. दिवाळीपासून पहिल्यांदाच म्हातारी हसली. हसता हसता डोळे पुसू लागली.

"देव तारी त्याले कोन मारी, माय!" तिने सुनेच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मग सहज विचारलं, "मंग रोज सांडत होतीस का वं?"

"सांडाचंच म्हनत होती जी. पन थे सांडू देत नव्हते. मायच्या हातचं आहे म्हनत, अन् सोताच पिऊन घेत."