दंडावरचा पट्टा

मुलांनो, डोळे मिटा पाहू. समजा, तुमच्या दंडावर कापडी पट्टा बांधलाय आणि दर अर्ध्या तासाने तो फुगून दंड आवळतोय. लागेल झोप? आपल्या गोष्टीतल्या बारा वर्षांच्या मुलीलाही लागत नव्हती.

मधुमेह तिला लहानपणापासूनच होता. इन्सुलिनच्या सुयांशी तिचं एव्हाना जमलं होतं. पण सकाळी दवाखान्यातल्या सिस्टरनी दिवसरात्र रक्तदाब मोजणाऱ्या यंत्राचं हे नवं लचांड तिच्या गळ्यात घातलं. "दिवसभर हुंदडलेलं पोर रात्री कसं दमून बसतं, तसा रक्तदाब झोपेत खाली बसायला हवा. तुझा बसत नाही, असा डॉक्टरांना संशय आहे. तसं निघालं, तर किडनी जपायला आणखी एक गोळी, रोजची." निघताना त्यांनी बाबांना बजावलं होतं, "वरचा आकडा दीडशेच्या पुढे दिसला, तर सकाळची वाट पाहू नका."

आणखी एक गोळी! मुलीने कूस बदलली. खाली गादीवर बाबा घोरत होते. रात्री उठून तिची साखर तपासायची, म्हणून ते तिच्याच खोलीत झोपायचे. दिवसा दुकान, रात्री ही राखण. मधल्या वेळात कानाशी ढोल बडवला तरी जागे व्हायचे नाहीत. दंड मात्र लेकीएवढाच. आई दोघांना एकदमच चिडवायची, "एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. पाप्याची पितरं नुसती."

मुलगी पाय न वाजवता खाली उतरली. तिने पट्टा सोडला आणि बाबांच्या दंडावर गुंडाळला. झोपलेल्या माणसाचा दाब उतरलेलाच असणार. सुंठीवाचून खोकला गेला.

यंत्र गुरगुरलं. पट्टा फुगला, सैल झाला. पडद्यावर वरचा आकडा उमटला, एकशे अठ्ठ्याहत्तर.

काहीतरी चुकलं असेल. तिने पट्टा नीट बांधून पुन्हा बटण दाबलं. एकशे ऐंशी.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. पट्टा परत आपल्या दंडावर चढवला असता, तर कुणाला कळणार होतं? यंत्र बिघडलंय, म्हणता आलं असतं. सांगायचं, तर चोरी उघडी पडणार, आईची बोलणी बसणार, आणि ही तपासणी उद्या पहिल्यापासून.

एवढ्यात बाबांची झोप चाळवली. डोळे न उघडताच त्यांनी हात पुढे केला. "साखर बघायची वेळ झाली का गं, खारूताई? दे बोट."

मुलीने बोट दिलं नाही. तिने दिवा लावला आणि यंत्र त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

"बाबा, उठ. हा आकडा माझा नाही."